माडांपर्यंत

भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. तीस सालाच्या सुमारास मी रोज होडीने रत्नागिरीच्या कचेरीत जायचो. होडीवाला कामाला चोख, बोलायला कंजूष. पण उतारू उतरले तरी तो होडी फिरवत नसे. शेवटचा माणूस वाळू चढून माडांपर्यंत पोचेतो वल्हं मांडीवर घेऊन बघत बसायचा. पलीकडच्या काठावर आम्ही त्याची वाट बघत ताटकळायचो.

एकदा ओहोटी लागलेली, कचेरीला उशीर झालेला. होडीत बसताच मी चिडून विचारलं, "अरे, माणूस उतरला की तुझं काय काम?"

तो वल्हवता वल्हवता म्हणाला, "जर्मनच्या लढाईत मी बोटीवर खलाशी होतो, भाऊसाहेब. एक दिवस बोटीवरचे शिपाय होडीतून किनाऱ्याला उतरवायचे होते. मागून आमच्या बोटीच्या तोफा, समोरून दुश्मनाच्या बंदुका. शिपाय उतरले की होडी लगेच फिरवायची, असा हुकूम. सांजपर्यंत तेच केलं. त्यातला कोण वर पोचला, मला ठावं नाय."



त्यानंतर मी माडांशी पोचलो की मागे वळून हात वर करायचो. त्याने उलट हात कधी केला नाही. वल्हं तेवढं पाण्यात घालायचा.