दोन्ही पाय टेकतील अशी गाडी

अक्का गेली हे कळल्यावर निम्म्या चिंचवडने मला पहिला प्रश्न एकच विचारला, "गाडीवरून का?" नाही. माझी थोरली बहीण सुशीला, आमची अक्का, काविळीने गेली. अंथरुणात, डोळे हळदीसारखे पिवळे होऊन, आठ दिवसांत. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा जरासा उतरायचा. बाई मोटारसायकल चालवते म्हणजे तिचा शेवट रस्त्यावरच व्हायचा, अशी लोकांची दहा वर्षांची खात्री होती आणि अक्काने जाता जाता तीही मोडीत काढली. आता या गोष्टीला महिना झाला. पुरवणीसाठी चार आठवणी लिहून द्या असं सांगायला पेपरवाले आले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. धाडसी महिला वगैरे कौतुक मला जमणार नाही. अक्काने गाडी हौसेने घेतली नव्हती. माझा नवरा मला मारत होता आणि त्याच्या घरातून मला जिवंत बाहेर काढायचं होतं, म्हणून घेतली होती. हे छापणार असाल तर लिहिते म्हटलं.

अक्काची उंची चार फूट नऊ इंच. मीटर बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला होती आणि तिथल्या टेबलाशी तिला पायाखाली लाकडी खोकं लागायचं. दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर घर तिनेच चालवलं आणि माझं लग्नही तिनेच जमवलं. मुलगा मोशीपलीकडच्या निघोज्याचा, घरची शेती, भोसरीत कंपनीत परमनंट. परमनंट या शब्दावर आमच्या चाळीत मुली दिल्या जायच्या. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. पेपरात नाव यावं असं त्याने काही कमावलेलं नाही. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, तेव्हा गुरुवार हा माझा मार खायचा दिवस. मशीनचा जुना पट्टा त्याने कंपनीतून घरी आणला होता. तो दाराआड खिळ्याला टांगलेला असायचा. भाकरी जाड झाली, मी खिडकीत उभी राहिले, मी हसले, मी हसले नाही... कारण कुठलंही चालायचं. त्या पट्ट्याची पितळी कडी बरगडीवर बसली की आधी दुखतच नाही, श्वासच येत नाही.

एकदा मी पळालेही. गावात दिवसातून एकदा येणाऱ्या एसटीत जाऊन बसले, तर त्याने आणि त्याच्या चुलत्याने मला वेणीला धरून खाली उतरवलं. गाडीभर माणसं होती. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघून गेली. पुढे संक्रांतीला माहेरी आले तेव्हा मोरीत पाणी घालताना अक्काने माझी पाठ पाहिली. तांब्या तिच्या हातातून पडला. आई म्हणाली, "पदरी पडलं, पवित्र झालं." आणि दुसऱ्या दिवशी अक्का कामावर गेलेली असताना मामांनी मला निघोज्याला परत पोचवलं. जावयाच्या हातचा चहाही घेतला.

त्यानंतर अक्काने जे ठरवलं ते कोणाला सांगितलं नाही. स्टेशनाजवळ बाबूमिस्त्रींचं गॅरेज होतं, तिथे ती गाडी शिकवा म्हणून गेली. सायकल तिला येतच होती. मिस्त्रींकडे दुरुस्तीला आलेली एक बुलेट होती, तिच्यावर ती दगडावर चढून बसायची आणि दगडापाशीच येऊन थांबायची. जमलं म्हणताना एका गुरुवारी ती तेवढ्या अवजड गाडीवरून थेट निघोज्याला आली. मला हे फार उशिरा कळलं. घरासमोर पोचता पोचता तिला माझं ओरडणं ऐकू आलं. तिला थांबायचं होतं, पण पाय जमिनीला पोचत नव्हते, टेकायला दगड नव्हता आणि ओट्यावर माझा सासरा बसला होता. थांबली असती तर गाडीखाली गेली असती. ती तशीच पुढे गेली. गावाबाहेर ओढ्यात गाडीसकट पडली आणि चिखलात बसून स्वतःच्या थोबाडीत मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रींना सांगितलं, "मला गाडी घ्यायचीय."

"सुशीताई, तुम्ही मोपेड घ्या. बायकांना तीच बरी."

"मोपेडवर दोन माणसं बसून निघोज्याचा चढ निघेल?"

"दुसरं कोण बसणारय?"

"तुम्ही चढाचं सांगा."

चढ निघणार नव्हता. स्कूटरचा नंबर लागायला वर्षं जायची. मग मिस्त्रींनी तीन जुन्या मोटारसायकली आणून उभ्या केल्या. अक्काने एकीचाही वेग विचारला नाही की रंग पाहिला नाही. पहिलीवर तिचे अंगठे लोंबकळत राहिले. दुसरीची किक उलटी आली आणि तिच्या नडगीची साल सोलून गेली. ती रक्त पुसून पुन्हा चढली, किक पुन्हा उलटी आली, तेव्हा तिने त्या गाडीला अशी लाथ घातली की मिस्त्रीच मागे सरले. तिसरी होती टाकीला पोचे आलेली राजदूत. सीटमधला निम्मा काथ्या काढून टाकल्यावर तिचे दोन्ही पाय सपाट टेकले. मग तिने मिस्त्रींना ती गाडी आडवी पाडायला लावली आणि हमाल पोत्याला लावतो तशी सीटला पाठ लावून, पाय रेटत, एकटीने उभी केली. वीस वेळा पाडली, वीस वेळा उचलली. शेवटी मागच्या सीटवर बाजरीचं अर्धं पोतं सुतळीने आवळून बांधलं. "चाळीस किलो बास," ती म्हणाली, "मार खाणारी बाई जाड नसते." तेव्हा कुठे मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पोतं घेऊन ती महिनाभर देहूच्या रस्त्याने फिरली. उभी गाडी एका किकमध्ये सुरू करून निघायचं, एवढाच सराव.

सगळा विचार केला होता. एक सोडून. पोतं मधोमध बांधलं होतं आणि बाई मधोमध बसत नाही.

अक्काने एका सोमवारी खाडा केला, कारण सोमवारी माझा नवरा पहिल्या पाळीला असायचा. नेमकी त्या दिवशी भोसरीत लाइट गेली आणि तो दुपारीच घरी येऊन झोपला होता. मी परसात गोवऱ्या थापत होते. गाडीचा आवाज आला, पाठोपाठ अक्काची हाक, "मंदे, चल. बस लवकर!" मी शेणाच्या हातांनी धावले आणि आपल्या बायका बसतात तशी एका अंगाने बसले. गाडी डावीकडे कलंडली आणि आम्ही दोघी खाली. तापलेला सायलेन्सर अक्काच्या पोटरीवर. कातडी जळल्याचा वास मला अजून येतो. तिने पाय ओढून घेतला, सीटला पाठ लावली आणि गाडी उभी केली. ओरडली, "पाय टाकून बस! पुरुषासारखी!" आणि मी... मी उभी राहिले. पाचवारी साडी गुडघ्यावर घ्यायची, सासऱ्यासमोर, शेजारच्या बायकांसमोर, पारावरच्या सगळ्यांसमोर? ज्या गावाने मला वेणीला धरून नेलेलं बघितलं, त्या गावाला माझ्या पोटऱ्या दिसतील याची मला लाज वाटली. सासू दारातून किंचाळली, "आरं ऊठ, बाय पळाली तुजी!" दहाएक सेकंद गेले असतील. तेवढ्यात तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. दांडा वर नेला आणि हँडलवरच्या अक्काच्या उजव्या हातावर घातला. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. पुन्हा घातला. अक्काने हँडल सोडलं नाही. तेव्हा मी साडी कमरेपर्यंत खोचली आणि पाय टाकून बसले. त्याने माझे केस धरले. मी टाच उचलून त्याच्या पोटात मारली, तो वाकला तशी दुसऱ्यांदा तोंडावर, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा दात पडलेला पाहून मला आनंद झाला. अक्काने एका किकमध्ये गाडी सुरू केली. माझ्या केसांची एक बट त्याच्या मुठीत राहिली. मोशीपर्यंत टाकीवरून रक्त वाहत होतं आणि अक्का दर थोड्या वेळाने एवढंच विचारत होती, "आहेस ना गं? आहेस ना?"

डॉक्टरांनी तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. मी पायाशी बसून रडत म्हटलं, "अक्का, मी लगेच बसले असते तर..." ती म्हणाली, "ब्रेकला दोन बोटं पुरतात. नाक पूस." पुढे दहा वर्षं तिने त्या हाताने तीच गाडी चालवली, पण त्या दहा सेकंदांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मामा मात्र त्या दिवसाचा विषय काढायचे, वेगळ्या तऱ्हेने. तुम्हा दोघींपायी घराची शोभा झाली, म्हणायचे. अक्का त्यांना चहा देई, उरलेल्या तीन बोटांत बशी धरून, त्यांच्या नजरेसमोर अगदी सावकाश. मी तिच्यासारखी नाही. मी दहा वर्षं त्या उभ्या राहण्याबद्दल मनात स्वतःला मारत आले, आणि पट्ट्याचा मार त्यापुढे काहीच नव्हता.

अक्काच्या दहाव्याला तो आला. दुसरं लग्न, पोट सुटलेलं, गावचे दोन जाणते बरोबर. चपला उंबऱ्याबाहेर काढून आत आला आणि हात जोडून म्हणाला, "झालं गेलं इसरून आलोय. बाई लई हिमतीची व्हती." ओटीवर पन्नास माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत होती. मामा उठून माझ्या कानाशी आले. "मंदा, मढ्याच्या दारी वैर नसतं. बस म्हण त्याला. चार लोकांत तमाशा नको."

मी उठले. "हात पुढे करा," मी त्याला म्हटलं. पाणी देतेय असं वाटून त्याने ओंजळ पुढे केली. मी सगळ्यांदेखत एकेका बोटावर बोट ठेवत मोजली. दहा भरली. मग बाहेर जाऊन त्याच्या चपला उचलल्या आणि रस्त्यावर जितक्या लांब जातील तितक्या लांब फेकल्या.

"निघा," मी म्हटलं. मामांनी "अगं..." म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांच्याही चपला तिथेच होत्या.