मुलीच्या घरचे पाणी

आमच्या वाचनालयाचा समारंभ ठरला आहे. जुन्या सभासदांच्या तसबिरी भिंतीवर लावायच्या आणि प्रत्येकीखाली परिचय. तसबीर काढवताना शेजाऱ्याची शाल पांघरायची इकडे पद्धत आहे. मी आपली बंडीच घातली, म्हणून चिटणीस नाराज आहेत. तरी परिचयाचा कागद त्यांनी आणून दिला : हुद्दा, कुटुंब, छंद.

हुद्दा सोपा. कर्जतच्या मामलेदार कचेरीत कारकून म्हणून लागलो, कारकून म्हणूनच सुटलो. छंद दोन, वाचन आणि बुद्धिबळ. कुटुंबात पत्नी लिहिली आणि लेखणी थांबली.

मुलगी एकच होती. कचेरीतले लोक हरले की आठवडाभर बोलत नसत, म्हणून मी तिलाच सहाव्या वर्षी खेळ शिकवला. पत्नी म्हणे, "तिला आधी आमटी करता येऊ द्या. सासरी पानात वजीर वाढणार आहे का?" दहाव्या वर्षी ती मला हरवू लागली आणि अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले.

सासर खालापूरजवळ, कर्जतहून चार कोसांवर. माणसे चांगली. व्याही पागोटे घातल्याशिवाय पोस्टकार्डही वाचत नसत, पण सुनेने बापाशी खेळण्याला त्यांनी कधी हरकत घेतली नाही. महिन्यातल्या एका रविवारी मी कापडी पट घेऊन चालत जाई आणि मागल्या पडवीत आमचा डाव बसे.

आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी अन्नपाणी घेत नाही. असल्या रूढींची टर उडवणारी पत्रे मी वर्तमानपत्रात छापून आणलेली होती. ही रूढी मात्र सहा वर्षे पाळली. त्यात श्रद्धा नव्हती. 'लेकीकडे जेवून आला' असे कचेरीत कोणी म्हणू नये, एवढेच. तहान लागली तर वाटेत पाताळगंगा होती. दुपारी पाने मांडली की डाव कुठेही असो, मी उठत असे.

शेवटच्या वेळी माझा राजा कोपऱ्यात सापडला होता. विहीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "आज जेवूनच जा. आमच्याकडून काही बंधन नाही हो."

मी पट आवरू लागलो. मुलगी म्हणाली, "बाबा, हरायला लागलात की तुम्हाला धर्म आठवतो."

"तुला मूल होऊ दे गं, मग महिनाभर राहतो."

"तोवर मी कोणाशी खेळू? बसा ना. निदान पाणी तरी घ्या."

तिने तांब्या पुढे केला. मी तो हाताने बाजूला सारला आणि निघालो. तो डाव पुरा व्हायला अर्धा तास पुरला असता.

पुढे आश्विनात घरोघर ताप आला. पत्नी अंथरुणाला होती, म्हणून त्या महिन्यात गेलो नाही. एका सकाळी सासरचा गडी आला. "बाय लई आजारी हाय. तुमी निघाच." मी तसाच निघालो. पोहोचलो तेव्हा मंडळी नदीवरून परतत होती. व्याही बोडक्याने ओसरीवर बसले होते. मी आल्याचे पाहून उठले.

विहीणबाईंनी भांडे भरून माझ्यापुढे ठेवले. आता न घेण्याचे कारण उरले नव्हते. प्यालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. पत्नी कुशीवर वळली. पोरगी कशी आहे, हे तिने विचारले नाही. म्हणाली, "उन्हातून आलात. तिकडे काही घेतलंत का?"

"पाणी घेतलं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाशी नेला. पुढचे मला सांगावे लागले नाही.