धोंडुबाईंच्या कानातलं पाणी

चारुशीलाला शीर सापडली नाही, असं त्या इस्पितळात कधी कुणी ऐकलं नव्हतं. मुलगी मूळची वाईची. नर्सिंग करून सांगलीला आली, माधवनगरच्या गिरणीतल्या अनंताशी लग्न केलं आणि बावीस वर्षं एकाच खाजगी इस्पितळात काढली. हात फार हलका, जीभ तितकीच तिखट. "पेशंटचं सगळं ऐकत बसले तर वॉर्ड कोण चालवणार?" हे तिचं ठरलेलं वाक्य. नव्या मुली तिच्या पाठीमागे ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या. ते तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं, खोटं कशाला सांगा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात जतकडून धोंडुबाईंना आणलं. सत्तरीची बाई, सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. तीन दिवसांच्या जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलेलं, रक्तदाब लागत नव्हता, हातापायांच्या शिरा बसलेल्या. चारुशीलानं चार ठिकाणी टोचलं आणि पहिल्यांदाच हात टेकले. मग डॉक्टर सुमंतांनी छातीवर, गळ्याच्या हाडाखालून मोठ्या शिरेत नळी घातली. नळीचं टोक हृदयाच्या तोंडाशी यावं लागतं. ते आलंय की नाही हे एक्स-रेवर कळतं. पण वॉर्डात आणायचं एक्स-रेचं यंत्र बिघडलेलं, आणि बाईंना खाली हलवण्यासारखं नव्हतं. नळीतून रक्त नीट मागे येत होतं, म्हणजे ती शिरेत होती एवढं नक्की.

"औषध चालू करा," सुमंत म्हणाले, "पण सिस्टर, या काही वेगळं बोलल्या तर मला लगेच कळवा."

चारुशीलानं सिरिंजनं सलाइन नळीत ढकललं. धोंडुबाईंनी डोळे उघडले.

"बाई, कानात पानी वाजतंय."

"कानात कुठलं? नळी छातीत आहे, आजी."

"खळखळ वाजतंय की वो. मेंढीच्या पोटाला कान लावल्यागत."

शेजारच्या खाटेवरची बाई फिस्सकन हसली. चारुशीलाही हसली. "कोकरू झालं की सांगा हं. आता गप पडा."

दुपारी पुन्हा सिरिंज, पुन्हा तेच. "बाई, आवं..."

"वॉर्डात तुम्ही एकट्याच आहात का, आजी?"

धोंडुबाई गप्प झाल्या. चारुशीलानं कागदावर लिहिलं, 'तक्रार नाही.'

संध्याकाळी धोंडुबाईंचा मुलगा धुळा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "शिस्टर, आयची मान बगा जरा. फुगल्यागत दिसतीया."

मान उजवीकडे खरंच सुजली होती, हात लावला की दुखत होती. सुमंत आले, त्यांनी औषध बंद केलं आणि खालच्या मजल्यावरचं सोनोग्राफीचं यंत्र वर मागवलं. एरवी ते गरोदर बायकांसाठी असायचं. पुण्याहून शिकून आल्यापासून सुमंत ते कुठेही लावून बघायचे. जुने डॉक्टर त्यावरून त्यांची चेष्टा करत.

त्यांनी मानेवर गार जेली लावून यंत्राचा दांडा टेकवला. पडद्यावर काळी शीर दिसली आणि शिरेत दोन पांढऱ्या रेघा, शेजारी शेजारी.

"ही बघा नळी, या तिच्या दोन कडा. खाली जायची ती वर मानेत चढलीय. सिस्टर, थोडं सलाइन ढकला."

तिनं ढकललं. काळ्या शिरेत पांढरे ठिपके भुरभुरले. धोंडुबाईंचं बोट आपसूक कानाकडे गेलं आणि अर्ध्यावरून परत आलं. चारुशीलानं ते पाहिलं.

"आजी, पाणी कानाजवळून जातंय, आवाज येत असणार तुम्हाला," सुमंत म्हणाले. "सांगायचं नाही का?"

धोंडुबाईंनी चारुशीलाकडे पाहिलं. "न्हाई बा. मला काय कळतंय त्यातलं."

धुळा आईवरच ओरडला, "आगं, तोंड न्हाई व्हय तुला?"

इथं चारुशीलानं बोलायला हवं होतं. ती जेली पुसत राहिली.

सुमंतांनी ती नळी काढून दुसऱ्या बाजूनं नवी घातली. या वेळी आधी मान पाहिली. तिथल्या शिरेत नळी नव्हती. मग बरगड्यांखालून हृदय पाहिलं. हलवून फेसाळलेलं सलाइन ढकलताच हृदयाच्या उजव्या कप्प्यात पांढरं चांदणं उसळलं. "आता बरोबर," ते म्हणाले.

माणसं पांगल्यावर चारुशीला खाटेशी गेली. म्हातारीनं आपल्याला वाचवलं, असं तिला वाटत होतं. आभार मानायला गेली, म्हणा ना.

"आजी, माझं नाव का नाही घेतलंत?"

"आनी मग?" धोंडुबाई म्हणाल्या. "अजून चार दिस तुमच्याच हातात हाय की मी. सुई तुमच्या हातात, पानी तुमच्या हातात. तुमी रागावला तर म्या कुनाकडं बगायचं?"

चारुशीलाला वाटलं होतं तो मोठेपणा. ती निव्वळ भीती होती. बावीस वर्षांत असे किती जण गप्प पडून राहिले असतील, कोण जाणे. ती तशीच सुमंतांकडे गेली आणि धुळाच्या देखत म्हणाली, "त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मीच हसले."

सुमंतांनी कागद पुढे सरकवला. "लिहा तसं."

तिनं 'तक्रार नाही' वर रेघ मारली आणि खाली खरं ते लिहिलं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नव्या नळीत सलाइन ढकललं आणि वाकून विचारलं, "आजी, कानात काही वाजतंय?"

"न्हाई न्हाई," धोंडुबाई घाईघाईनं म्हणाल्या. "कायसुदिक न्हाई, बाई."

चारुशीला खाली गेली आणि सोनोग्राफीच्या यंत्राची गाडी स्वतः ढकलत चढणीवरून वर घेऊन आली. सुमंत वॉर्डाच्या दारात भेटले.

"परत कशाला? काल बघितलंय की आपण. काही म्हणाल्या का त्या?"

"नाही म्हणाल्या," चारुशीला म्हणाली. "म्हणूनच."