आखाजीचा दोर
विहिरीसाठी अंबाडीचा नवा दोर घरात आला, की त्याच्या कोरड्या वासासरशी मला असीरगडामागचं तळं आठवतं. तेव्हा किल्ल्यावर गोऱ्यांची पलटण होती आणि मी गडाखालच्या गावात नवी सून होते. तळ्याची वाट सपाट, सागाच्या जंगलातून गप्पा मारत जावं अशी. सासूबाई मला पावसाळ्यात तिकडे रानभाजीला नेत, हिवाळ्यात शिंगाड्यांना. तेव्हा पाण्यावर धुकं असायचं. मग उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. गावातल्या सुनांना सणाला माहेरी न्यायला बाप-भाऊ गाड्या जुंपून आले. माझ्या माहेरी कोणी उरलंच नव्हतं, म्हणून मी चुलीपाशी तोंड लपवून बसले. सासूबाईंनी नवा दोर काखेत मारला आणि म्हणाल्या, “चाल पोरी, तळ्यावर.” मला वाटलं, लाकडं आणायची असतील. साग उघडे पडले होते, पाणी आटून मधोमध उरलं होतं, पण काठचा वड हिरवागार होता. त्यांनी त्याच्या फांदीला दोर बांधून झोका केला. “डोईवरचा पदर काढ. आखाजीचा झोका माहेरी खेळतात, म्हणून इथं मी सासू नाही.” मी भीत भीत बसले, आणि त्यांनी मागून असा झोका दिला की मी ओरडलेच. पोटभर खेळून उतरले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “आता मला दे. मलाबी कधी कोणी न्यायला आलं नाही.” आता माझी सून मला माहेर विचारते, तेव्हा मी गडामागच्या जंगलाकडे बोट दाखवते.