डावी बाही

आमच्या ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्याला दोन वर्षं झाली. जीव वाचला, बोलणं परत आलं, हातापायांत ताकदही आली. गेली ती फक्त डावी बाजू. डोळे ठणठणीत आहेत हो, पण डावीकडेही काही असतं हे मेंदूच्या गावीच नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायचं आणि वर मलाच म्हणायचं, हल्ली हात आखडता घेतेस. अर्धी दाढी करून चारचौघांत जायचं. सांगायला जावं, तर माझ्याच चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणे!

आणि धंदा शिंप्याचा. कापणं आणि बाकीची जोडणी आधीपासून माझ्याकडे. पण कोटाला बाही बसवण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बरे झाल्या झाल्या मशीनवर बसले. उजवी बाही अशी बसवली की एक सुरकुती नाही. इस्त्री फिरवून कोट टांगला आणि म्हणाले, झाला. डावी बाही टेबलावर तशीच पडलेली. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण इतके खूश होते की माझी जीभच रेटेना. दुपारी ते डुलकी काढायचे आणि मी मुकाट डावी लावायचे. दीड-एक वर्ष हेच. म्हटलं, झाकली मूठ राहू दे.

मागच्या महिन्यात एकदा मी दातांच्या डॉक्टरकडे अडकले. येऊन बघते तर काय, शाळेचे मुख्याध्यापक एका बाहीच्या कोटात आरशापुढे उभे, आणि हे विचारताहेत, कसा बसलाय? तो भला माणूस म्हणतो, छान. आधीच दाढ ठणकत होती, त्यात डोकं फिरलं. ह्यांचा उजवा हात ओढला आणि कोटाच्या रिकाम्या खांद्यावर ठेवला.

"ही बाही कुठंय?"

त्यांची बोटं कापडाच्या उघड्या कडेवरून सावकाश फिरली.

"आधीच्या कोटांना?" त्यांनी विचारलं.

"मी लावल्या. सगळ्या."

"कुणी ओळखलं नाही?"

"नाही."

आता आकाशपाताळ एक करतील म्हणून मी पदर खोचला. त्यांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून माझ्यापुढे ठेवलं. "मग उजवीही तूच लाव," म्हणाले.

तेव्हापासून सुईला हात लावत नाहीत. रोज कोट पुढ्यात टाकते, भांडण उकरून काढते, पण हे आपले ढिम्म. मी लावलेली उजवी बाही बघतात आणि म्हणतात, चांगली आहे. चांगली कुठली, डोंबल! खांद्याला ढीगभर चुण्या पडल्यात, आणि त्या त्यांना दिसतात.