चढावरचा जळका वास

गुरुग्राममधल्या मॉलच्या तळघरातून वर येताना चढावर पुढची गाडी अडकली आणि जळक्या क्लचचा वास आमच्या गाडीत शिरला. "आई, कसला वास येतोय?" लेकीनं विचारलं.

मी तिच्याएवढी असताना हाच वास फ्लायओव्हरच्या चढावर आला होता. धुक्याची सकाळ होती. बाबा ॲक्सिलरेटर दाबत होते, इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती. मागे ट्रक होता. बाबांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय सावकाश उचलला. "आता इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक आहे समज." मी जीव मुठीत धरून ते बंद पडायची वाट पाहत होते. ते चालूच राहिलं आणि गाडी किंचित मागे सरकली.

"ब्रेक मत छोड़ना, भाईसाब!" ट्रकवाला ओरडला आणि चाकामागे दगड लावायला धावला.

"काही नाही गं, क्लच गेलाय," बाबा शांतपणे म्हणाले. त्यांचा डावा पाय थरथरत होता. थंडीनं असेल, असं मला वाटलं होतं.

"काही नाही गं," मीही लेकीला शांतपणे म्हणाले. माझी गाडी ऑटोमॅटिक, तिला क्लचचं पेडलच नाही. तरी माझा डावा पाय रिकामी जागा घट्ट दाबून थरथरत होता.