सहावा त्रिकोण

उमेळ्याच्या रेजिना लोपीसला अकरा शाळांनी नाही म्हटलं होतं. तोंडावर नाही म्हणायची हिंमत त्यातल्या दोघींनीच दाखवली. उरलेल्या नऊ जणींनी गोड हसून "कळवतो" म्हटलं आणि पुढे तिचा फोनसुद्धा उचलला नाही. माणसाला महिनाभर फोनकडे डोळे लावून बसवायला यांचं काय जातं?

चौदा वर्षं तिने विनाअनुदानित मराठी शाळेत गणित शिकवलं होतं. पट घसरत घसरत शाळा बंद झाली आणि बेचाळिसाव्या वर्षी रेजिना घरी बसली. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर बायका विचारायच्या, "लागलं का गं कुठे?" नवरा स्टॅनी म्हणायचा, "कशाला जीव जाळतेस? वाडीतली केळी बघ माझ्याबरोबर." या वाक्याने मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. केळी बघायला तिने बीएड केलं होतं का? अशा प्रत्येक वाक्यानंतर ती हट्टाने आणखी एक अर्ज करायची.

बारावी शाळा एव्हरशाईन सिटीजवळची, काचेची, इंटरनॅशनल. मुलाखतीत प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "पाच दिवसांचा डेमो द्यावा लागेल. बिनपगारी, अर्थात." रेजिनाने मान डोलावली. गरज होती, काय करणार?

सोमवारी सातवी ब मध्ये तिने तिचा हातखंडा पाठ घेतला. कागदाचा त्रिकोण कापायचा, त्याचे तीन कोपरे फाडायचे आणि एका रेषेवर जोडायचे. झाले एकशे ऐंशी अंश. बीएडला पाठ घेताना निम्मा वर्ग हाच पाठ घेतो आणि डेमोलाही हाच बाहेर काढतो. तिने सांगायच्या आधीच मुलांनी कोपरे फाडले. प्रश्न संपायच्या आत चाळीस हात वर! कसली हुशार मुलं, असं म्हणत ती घरी आली ती तरंगतच. स्टॅनीला दोनदा तेच सांगितलं.

बुधवारी ती वह्या तपासायला घरी घेऊन आली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण वह्या न तपासता झोप लागणारी ती बाई नव्हे. पहिली वही अश्लेषा नावाच्या मुलीची होती. रेजिनाने पान उलटलं. चिकटवलेला त्रिकोण, खाली लाल सही. आणखी एक पान उलटलं. पुन्हा त्रिकोण, सही वेगळी. असे पाच त्रिकोण आणि पाच निरनिराळ्या सह्या. दर आठवड्याला नवीन माणूस आला होता, जीव ओतून तोच पाठ घेतला होता आणि "कळवतो" ऐकून गेला होता. सहावा त्रिकोण तिचा. महिना उलटून गेला तरी सातवी ब ला गणिताला शिक्षकच नव्हता. नेमायचाही नव्हता. फुकट मिळत असताना नेमायचा कशाला?

ती इतकी चिडली की हातातलं लाल पेन तिने टेबलावर आपटलं. स्वतःसाठी चिडली, त्या पाच अनोळखी सह्यांसाठी चिडली आणि सगळ्यात जास्त त्या मुलांसाठी. भरमसाठ फी भरून आईबापांनी त्यांना एकच त्रिकोण सहा वेळा फाडायला पाठवलं होतं.

"जाऊच नकोस उद्या," स्टॅनी म्हणाला.

"जाणार! आणि पुढचा धडा घेणार."

गुरुवारी तिने समीकरणं काढली. वर्ग चिडीचूप. हात वर नाहीत, कपाळाला आठ्या, पेन्सिलीची टोकं तोंडात. शुक्रवारी पहिल्या दोघा-तिघांना ती कुठे सुटायला लागली आणि भर तासाला ऑफिसातून बोलावणं आलं.

मॅडमच्या टेबलावरच्या स्क्रीनवर वर्गातल्या कॅमेऱ्याचं चित्रण चालू होतं. "सॉरी, रेजिना. सोमवारी मुलं किती ॲक्टिव्ह होती! काल-आज बघा, एकही हात वर नाही. आमच्या पेरेंट्सना असं चालत नाही."

"मॅडम, सोमवारी त्यांना पाठ होतं. पाच जणांनी आधीच शिकवलं होतं. काल-आज ती विचार करत होती. तुम्हाला गणिताचा शिक्षक नकोच आहे, दर आठवड्याला नवा हमाल हवाय!"

"आवाज खाली ठेवा. तुमची फाइल आमच्याकडे आहे. आम्ही कळवू."

"कळवू नका," रेजिना म्हणाली आणि वर्गात परत गेली. फळ्यावर समीकरण अर्धवट राहिलं होतं. घंटा होईपर्यंत तिने ते अश्लेषाकडून सोडवून घेतलं, मग पर्स उचलून निघाली.

शनिवारी सकाळी तिने तेरावा अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात चौदा वर्षांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: सातवी ब, गणित, पाच दिवस, बिनपगारी. नव्या शाळेला खात्री करून घेता यावी म्हणून पुढे प्रिन्सिपल मॅडमचा नंबरही दिला.